आधी जेवणाचं पुस्तक

मंदाताई गेल्या त्या दिवशी रविवार होता. दहाला मी वाचनालय उघडलं. सव्वादहाला त्यांच्या भाच्याचा फोन आला. मी फोन ठेवला आणि बसलेल्या मुलांना सांगितलं की आज गोष्ट होणार नाही. मुलं घरी गेली. मी खिडक्या लावल्या.

आमचं बालवाचनालय म्हणजे वस्तीतल्या सभागृहाच्या वरच्या दोन खोल्या. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर तिथली नोंदवही सांभाळू लागलो. पुस्तकं निवडायचं काम मंदाताईंचं. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून. त्या मूळच्या काटोलच्या, संत्र्यांच्या बागेत वाढलेल्या. नोकरीसाठी नागपुरात आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. त्याबद्दल कोणी विचारलंच तर म्हणत, "वाचून झालं की करतो म्हटलं होतं. वाचूनच होऊन नाही राहिलं."

त्यांच्याबरोबर पहिल्यांदा पुस्तकं आणायला सीताबर्डीला गेलो तो दिवस मला आठवतो. दुकानात शिरल्या, पर्समधून जाड कागदाची एक पट्टी काढली आणि सरळ फरशीवर मांडी घातली. चित्रांचं एकेक पुस्तक घ्यायचं, पट्टीने खालची अक्षरं झाकायची आणि फक्त चित्रं पाहत शेवटपर्यंत जायचं. गोष्ट कळली तरच पट्टी काढून मजकूर वाचायचा. मी म्हटलं, मजकूर आधी वाचला तर वेळ वाचेल. "वेळ आपला वाचते मास्तर," त्या म्हणाल्या. "चार वर्षांच्या पोराले अक्षर कुठं येते? त्याले चित्रच वाचायचं असते." तीन तासांत चार पुस्तकं निवडली. दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, साडी घ्यायलाही इतका वेळ लागत नाही लोकांना." मंदाताई उठता उठता म्हणाल्या, "साडी मलेच नेसायची असते. पुस्तक लोकाच्या पोराले द्यायचं असते."

कादंबऱ्यांची रीत वेगळी. त्या बरोबर मधलं पान उघडून मोठ्याने वाचत. "सुरुवात सारेच चांगली करतात. मधात लेखक दमते. दमल्यावर तो कसा वागते, ते पाहायचं." शेवटच्या पानावर एखादे आजोबा येऊन उपदेश करू लागले की पुस्तक बाद. यावरून समितीच्या बैठकीत दरवेळी खटका उडे. अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते, पण प्रत्येक पुस्तक हातात घेऊन विचारायचे, "यात बोध काय?" एकदा मंदाताई म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, संत्रं सोलल्यावर आत बोध शोधता काय जी?" सगळे हसले. अध्यक्षही हसले, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तेच विचारलं.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्यात कडक होता. कोणतंही पुस्तक मुलाच्या हाती देण्याआधी त्या ते, निदान त्यातला काही भाग, एखाद्या मुलाजवळ बसून वाचून दाखवत आणि त्याच्या तोंडाकडे पाहत. तोवर त्यावर शिक्का बसत नसे. हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

तेव्हा रिबका दहा वर्षांची होती. तिच्या वडिलांची रेल्वेत बदली झाल्यामुळे हे कुटुंब कोकणातून नागपुरात आलं होतं. मुलगी वाचणारी, पण गोष्टीच्या दिवशी कधी यायची नाही. गोष्ट तेव्हा शनिवारी असे.

"काहून वं, शनवारी कुठं जाते तू?" मंदाताईंनी विचारलं.

"कुठेच नाही. शनिवारी आमचा शब्बाथ असतो. काम करायचं नसतं."

"गोष्ट ऐकणं काम आहे काय?"

"शब्बाथला गाडीत बसत नाहीत, आणि तुमची खोली चालत यायला दूर आहे. आणि आजी घरीच गोष्ट सांगते."

कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणात शेकडो वर्षं राहिलेले मराठी ज्यू. मंदाताईंनी गोष्टीचा वार बदलून रविवार केला. आणि मग त्यांना ध्यास लागला की या मुलीच्या घरासारखं घर असलेलं एक तरी पुस्तक आपल्या कपाटात हवं. मुंबईला पत्रं लिहिली, दुकानदारांना पिडलं. शेवटी एक कादंबरी मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर आई-वडील एका ज्यू बहीण-भावाला आगगाडीत बसवून परदेशी पाठवतात, आणि मागे राहिलेल्या आई-वडिलांना सैनिक धरून नेतात, ते पुन्हा भेटत नाहीत. पुस्तक खरोखर चांगलं होतं. मंदाताई वाचताना रडल्या होत्या. आनंदाच्या भरात त्यांनी ते कोणालाही वाचून न दाखवता रिबकाच्या हातात ठेवलं. "घे वं माय. तुमच्या लोकांची गोष्ट आहे."

पुढच्या रविवारी रिबका आली नाही. तिची आई आली. पुस्तक टेबलावर ठेवून हळू आवाजात म्हणाली, "ताई, राग मानू नका. ती विचारते, आपल्यालाही असंच नेतील का. शाळेत जायला तयार नाही. इथं आम्हाला कधी कोणी काही केलं नाही हो. म्हणून तिला अजून यातलं काही सांगितलंच नव्हतं."

 बाई गेल्यावर मंदाताईंनी कागदाची पट्टी माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच निवडा मास्तर आता. मले नाही जमत." मी समजूत घालायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "तिच्या लोकांचं पहिलं पुस्तक मी तिले दिलं, अन् ते मरणाचं दिलं. इतकी वर्षं काय करून राहिलो मग आपण?"

त्या महिन्यात मी चार पुस्तकं निवडली. एकही मुलांनी घरी नेलं नाही. रिबका तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी मंदाताई मला म्हणाल्या, "चला, तिच्या घरी जाऊ. माफी मागायची आहे."

"आईची?"

"आईची कायले? पुस्तक मी पोरीले दिलं होतं."

रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही संत्र्यांची पिशवी घेऊन गेलो. रिबका दाराआड उभी होती. मंदाताई तिच्यासमोर खाली बसल्या. "माझं चुकलं वं. तुले न विचारता दिलं मी ते पुस्तक. एकटीनं वाचायचं नव्हतं ते."

रिबका दाराआडून पुढे आली. म्हणाली, "पुस्तक वाईट नाहीये. पण त्यात कोणी जेवतच नाही."

आतून तिची आजी बाहेर आली. "बरोबर बोलली पोर. आमच्या गोष्टी काय नुसत्या रडण्याच्या आहेत? आम्ही अलिबागकडची माणसं. तेलाचा घाणा होता आमचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं." मग तिने नबीची, म्हणजे त्यांच्या प्रेषिताची, गोष्ट सांगितली. तो अग्नीच्या रथातून आकाशात गेला आणि जाता जाता कोकणात उतरला. तिथल्या खडकावर खुणा आहेत म्हणे.

"कोकणातच काहून उतरला?" मंदाताईंनी विचारलं.

"मलिदा खायला!" रिबका म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

गुरुवारी त्यांच्या घरी त्या नबीच्या नवसाचा मलिदा होता. आजीने आम्हालाही बोलावलं. गोड पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. मंदाताईंनी दोनदा मागून घेतला. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "मास्तर, आपण उलटं केलं. कोणाच्याही घरात आधी जेवणाचं पुस्तक घेऊन जायचं. मरणाचं मागून." दुसऱ्या दिवशी पट्टी परत मागितली.

त्यानंतर त्यांची निवड बदलली. शब्बाथच्या पावासाठी शुक्रवारी कणीक मळणाऱ्या आजीचं एक चित्रपुस्तक आलं, एका गावातल्या मूर्ख शहाण्यांच्या ज्यू विनोदी गोष्टी आल्या. प्रत्येक पुस्तक आधी रिबकाच्या घरी जाई. "यांच्या खिडकीत बर्फ आहे, आमच्या खिडकीत लिंबाचं झाड," असा शेरा मारून रिबका ते मंजूर करी. आजीच्या गोष्टी मंदाताईंनी वहीत उतरवून घेतल्या, मुलांनी चित्रं काढली, ती वहीही कपाटात लागली. मग त्या जरीपटक्याला एका सिंधी आजीकडे गेल्या, इतवारीत एका बोहरा कुटुंबाकडे गेल्या. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "तुमच्याकडच्या गोष्टीत लोक खातात काय?"

गेल्या हिवाळ्यात रिबकाने विचारलं, "ताई, ते पुस्तक आहे अजून?" ती आता पंधरा वर्षांची होती. शाळेत इतिहासात युद्ध आलं होतं.

"आहे. पण घरी न्यायचं नाही. इथंच वाच. मी समोर बसून राहतो."

मंदाताईंना तेव्हा दोन जिने चढताना दम लागे. तरी दर रविवारी गोष्ट आटोपली की त्या खुर्ची ओढून रिबकासमोर बसत. ती वाचे, त्या नुसत्या बसत. मध्येच रिबका डोळे पुसे, तेव्हा त्या पाण्याचा ग्लास पुढे सरकवत. मी एकदा म्हटलं, तुम्ही घरी जा, मी बसतो. "नाही जी. हे मी दिलं होतं," त्या म्हणाल्या.

त्या गेल्या तेव्हा पुस्तकाची चाळीस पानं राहिली होती.

पुढच्या रविवारी रिबका आली. तिने कपाटातून पुस्तक काढलं, खूण लावलेलं पान उघडलं, आणि तशीच बसून राहिली. पान उलटेना. थोड्या वेळाने म्हणाली, "काका, तुम्ही बसता का?"

मी नोंदवही मिटली आणि समोर जाऊन बसलो. तिला दीड तास लागला. खाली मुलं खेळत होती. शेवटचं पान वाचून झाल्यावर ती खूप रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मग तिने तोंड धुतलं, पुस्तक जागेवर ठेवलं आणि मला म्हणाली, "आता मी ठीक आहे."

आता पुस्तकं मी निवडतो. सीताबर्डीच्या दुकानात मला फरशीवर बसता येत नाही, गुडघे दुखतात, दुकानदार स्टूल देतो. मोठ्याने वाचणंही मला नीट जमत नाही. रविवारी बारा-पंधरा मुलं येतात, आणि मी वाचतो.