बिनडोळ्यांची शिकारीण

रोह्याकडे परतणारी गाडी उशिरा असते, म्हणून मी हा गेम शिकले. माझी भाची रोह्याहून पेणला कॉलेजला येते. कॉलेज दुपारी सुटतं आणि गाडीला दोन तास असतात. तेवढा वेळ ती माझ्या गणपतीच्या कारखान्यात येऊन बसायची. तिची आई माझी सख्खी धाकटी बहीण. सहा वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, पण पोरीला माझ्याकडे बसायला तिने कधी मनाई केली नाही. याचा अर्थ काय लावायचा, ते मला ठरवता येत नव्हतं.

कारखान्यात एक कॉम्प्युटर आहे. मूर्तींचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायला घेतलेला. पनवेलच्या दुकानदाराशी मी इतकी घासाघीस केली, की शेवटी वैतागून त्याने दुसऱ्या कुणी तरी ऑर्डर देऊन न नेलेलं मशीन साध्या कॉम्प्युटरच्याच भावात माझ्या गळ्यात मारलं. त्याला आतून निळे-जांभळे दिवे लागतात. मला वाटलं, मी त्याला लुटलं. भाचीने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, हे गेम खेळायचं मशीन हाय. तू यावर फोटो पाठवतेस?"

"मग काय करू, आरती म्हणू?"

दुसऱ्या दिवशी तिने त्यावर गेम टाकला. नुकताच आलेला, भुताचा. त्यात पाच जण असतात. चौघं पळणारे, एक शिकारी. एका बंद पडलेल्या हॉस्पिटलात चौघांनी लपतछपत पाच चाव्या फिरवायच्या, मग मागचं फाटक उघडतं आणि त्यांनी पळून जायचं. शिकारी म्हणजे ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक उंच बाई. तिला डोळे नसतात. ती आवाजावर शिकार करते. तिच्या बाजूने खेळलं की पडदा राखाडी दिसतो, आणि कुठे पाऊल वाजलं, दार करकरलं, कुणी बोललं, तर तेवढीच जागा क्षणभर उजळते. जवळ आलेल्या माणसाचा खरा आवाजही ऐकू येतो, कारण सगळे माइक लावून खेळतात. म्हणजे गप्प राहील तो जगतो.

पहिल्या दिवशी भाचीने मला पळणारी केलं. मी एका खाटेखाली लपले आणि शिकारी जवळ आल्यावर मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, आली की ही!" लगेच मेले. मग मी सांगितलं, हे पळण्याबिळण्याचं माझ्याच्याने होणार नाय, मला ती बाई कर.

ती बाई मी झाले आणि मला मजा आली. इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. मी पंधराव्या वर्षी हमरापूरच्या एका कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला लागले, स्वतःची शेड टाकायला त्यानंतर सोळा वर्षं गेली, आणि या सगळ्यात मी एकच विद्या शिकले. समोरच्याला कसली घाई आहे ते ओळखायचं आणि तो तोंड उघडेपर्यंत गप्प उभं राहायचं. या गेमात तेवढंच करायचं होतं. मी फिरायची नाही. चावीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी राहायची. चौघांना घाई असायचीच.

भाचीच्या मैत्रिणी घाबरायला लागल्या. मग मला सवयीने राहवेना. एकदा दोघींना कोपऱ्यात गाठून मी म्हटलं, "तिसरी कुठे हाय ते सांगा, तुमच्यातली एक सोडते."

"दोघींना सोडा ना काकू!"

"दोघींना सोडायचं तर मी इथे काय गोणपाट सुकवायला आलेय? एक. पटत असेल तर बोला."

भाची बाजूला पोट धरून हसत होती. "मावशी, यात भाव नसतो गो!"

"भाव सगळ्यात असतो," मी म्हटलं. आणि खरंच, एकीने तिसरीचा पत्ता सांगितला.

रविवारी भाची रोह्याहून खेळायची, मी पेणहून. तेव्हा त्यांच्यात एक नवी चौथी येऊ लागली. ती कधीच बोलायची नाही. धावायची नाही. इतरजणी ओरडत पळायच्या तेव्हा त्या गोंधळात ती चावी फिरवून मोकळी व्हायची. तिला मी सलग तीन रविवार पकडू शकले नाही. सोमवारी भाची कारखान्यात आली तेव्हा मी तिला विचारलं, ही कोण?

भाची थोडा वेळ पेनाचं टोपण उघडबंद करत राहिली. "आई हाय. पहिली शिफ्ट करून येते, मग बसते. तू शिकारी असतेस ते तिला म्हाईत हाय."

आता सांगायला हवं. मूर्तीला सगळा रंग झाला की शेवटी डोळे काढतात. त्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. आखणीचा हात हजारात एकाचा असतो, आणि तो माझ्या बहिणीचा होता. साचे मी आणले, शेड मी टाकली, मुंबईच्या व्यापाऱ्यांशी भांडले मी, पण लोक माझ्या मूर्ती घ्यायचे ते त्या डोळ्यांसाठी, हे मला तेव्हाही कळत होतं. सहा वर्षांपूर्वी गणपतीला पंधरा दिवस असताना ती ब्रश धुऊन, फडक्याला पुसून, ठेवून निघून गेली. शेडमध्ये दोनशेच्या वर मूर्ती रंगवून उभ्या होत्या, सगळ्या बिनडोळ्यांच्या. सकाळी शटर उघडलं आणि मला त्या रांगा दिसल्या. मिळेल त्याच्याकडून मी आखणी करून घेतली. ठाण्याहून दर वर्षी येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी मूर्ती पाटावर ठेवून, डावीकडून उजवीकडून पाहिली आणि म्हणाल्या, "हा आमच्याकडे बघत नाही हो." त्या परत आल्या नाहीत. त्यांच्यासारखे पुष्कळ आले नाहीत. बहीण रोह्याला कंपनीत पॅकिंगला लागली. ज्या हाताने डोळे काढायचे त्या हाताने ती खोक्यांना टेप लावते, आणि हे मी तिला आजही माफ केलेलं नाही.

तरी त्या दिवसानंतर मी रविवारची वाट पाहू लागले. तिला पकडायचं नव्हतं. तिने एकदा बोलावं, एवढंच मला हवं होतं. आधी मी बोलणार नव्हते. भावात आधी तोंड उघडलं की गेलं, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे.

एका रविवारी बाकीच्या तिघी लवकर संपल्या. पाचही चाव्या फिरल्या होत्या, फाटक उघडलेलं होतं. मी फाटकाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. वेळ संपायला दोन मिनिटं होती. राखाडी पडद्यावर काही दिसत नव्हतं, पण कानात तिचा श्वास येत होता. ती अगदी समोर होती. तिच्या मागे कुठेतरी लांब, पडदा उजळू नये इतकी हळू, कुकरची शिटी झाली. एक, दोन. तिच्या घरचा कुकर मी सहा वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मी हलले नाही.

मग पडदा उजळला. तिने तोंड उघडलं म्हणून ती मला दिसली, भिंतीशी गुडघ्यांवर बसलेली.

"तायडे," ती म्हणाली. "आखणी कोण करतं गो आता?"

आधी ती बोलली होती. घाई तिला होती, हे मला समजलं, आणि नेमकं तेच वाईट झालं. गिऱ्हाईक स्वतःहून विचारायला लागलं की आपल्याला गरज नसल्यासारखं दाखवायचं. तीस वर्षं मी तेच करत आलेय. खरं उत्तर होतं, कुणी नाही. मी स्वतः करते आणि मला जमत नाही. पण तोंडातून निघालं ते असं:

"ब्रश धरणाऱ्या बाया पायलीला पन्नास मिळतात."

मला एक-दोन क्षण कळलं नाही, की हे वाक्य मी आधी कुठे बोलले होते. मग आठवलं. सहा वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, "तायडे, कारखान्याच्या पाटीवर माझं पण नाव घालशील का?" तेव्हा मी हेच म्हटलं होतं, शब्दाला शब्द. माझ्या गाऱ्हाण्यातून तेवढा भाग मी कधीच गाळून टाकला होता.

"बरं," ती म्हणाली.

पडदा पुन्हा राखाडी झाला. आता तिने पावलं दाबून टाकली नाहीत. ती चालत आली, माझ्या अंगावरून म्हणावं इतक्या जवळून, एकेक पाऊल उजळत, आणि फाटकातून बाहेर गेली. मी एक बटण दाबलं असतं तर ती थांबली असती, पण मेली असती. हाक मारायला त्या गेममध्ये बटण लागत नाही. माइक चालू होता. मी हाक मारली नाही.

पुढच्या सोमवारी भाची आली ती उभ्या उभ्याच. "आईने गेम काढून टाकला," म्हणाली. ती हल्ली कॉलेज सुटलं की सरळ स्टेशनवर जाऊन बसते.

या वर्षीच्या मूर्ती रंगून झाल्या आहेत. आखणी मीच करतेय. माझा हात डाव्या डोळ्याला बरा चालतो, उजव्याला चुकतो. दुपारी कामगार जेवायला गेले की मी मशीन चालू करते. कुठली कुठली अनोळखी पोरं असतात. मी फाटकापाशी जाऊन उभी राहते, कुणाला मारत नाही. ती माझ्या बाजूने पळून जातात. त्यांना वाटतं, माझं नेट गेलंय.