धाकटीचं लिनक्स

स्टुडिओतला कंप्युटर बंद पडायचा थांबला, आणि त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे.

सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. बाहेर काउंटर, आत निळा पडदा, दोन दिवे, एक स्टूल. पासपोर्ट, ओळखपत्र, अर्जाचे फोटो. ऐन गर्दीत विंडोजचं अपडेट सुरू व्हायचं, ती गोल चकती फिरत बसायची, आणि सासरे ओरडायचे, "थोरले, बघ गं जरा याला काय झालंय!" मग थोरली हात पुसत यायची, प्रिंटरची वायर काढून परत खुपसायची, कंप्युटर दोनदा बंद-चालू करायची. पाच मिनिटांत फोटो बाहेर. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, तुम्ही आहात म्हणून!" सोळा वर्षं ती हे ऐकत आली होती, आणि तिला ते फार आवडायचं. आवडणारच की! कोणाला नाही आवडत?

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ घरात आली. गोड बोलणारी, हळू चालणारी. महिनाभर गप्प बसली आणि एके दिवशी म्हणाली, "बाबा, मशीन जुनं झालंय, नवं विंडोज याला पेलायचं नाही. विंडोज काढून त्याजागी लिनक्स टाकू का? फुकट असतं." फुकट म्हटल्यावर सासरे विरघळलेच.

नव्याचे नऊ दिवस, थोरली मनात म्हणाली. पण नऊ झाले, नव्वद झाले, ते मेलं बंदच पडेना! सुरुवातीला कुरकुर होती. फोटोचं जुनं सॉफ्टवेअर चालेना, नव्यात फोटो कापायचा कुठून तेच कळेना. धाकटीने ते सगळं मार्गी लावलं. वर एका कागदावर आठ फोटो आपोआप बसतील अशी सोयही करून ठेवली. सासरे येईल त्याला सांगत सुटले, "आमची धाकटी म्हणजे डोकं आहे हो!" थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग मी सोळा वर्षं काय माशा मारत होते? तोंडाने मात्र म्हणायची, "किती गं हुशार तू."

दुपारी दोन ते चार स्टुडिओ बंद असे. धाकटी आडवी झाली की थोरली खाली येऊन त्या कंप्युटरपुढे बसायची. शिकायची हौस वगैरे काही नाही हं, उगाच मोठेपणा द्यायला नको. तिला लिनक्समध्ये खोट काढायची होती. एक तरी ढळढळीत खोट सापडली, की चारचौघांत म्हणता आलं असतं, "मी म्हणतच होते!" पासवर्ड घरात सगळ्यांना ठाऊक होता. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत टाइप करायच्या आज्ञा तिने नेटवरून वहीत उतरवल्या, चुकवल्या, परत उतरवल्या. खोट काही सापडली नाही. लिनक्स तेवढं पाठ झालं.

आणि मग धाकटी दोन दिवस माहेरी गेली नि प्रिंटर बसला. समोर एक नर्स उभी. अर्जाची शेवटची तारीख, साडेपाचला अर्ज घेणं बंद होणार. प्रिंटर म्हणतोय कागद नाही, आणि आत कागद गच्च भरलेला! सासरे आत एका बाळाचा फोटो काढत होते. ते बाळ कॅमेऱ्याकडे बघायलाच तयार नव्हतं.

थोरलीच्या मनात उकळ्या फुटल्या. पडू दे बंद! बघू दे सगळ्यांना धाकटीचं डोकं! पण नर्स घड्याळाकडे बघून रडकुंडीला आली होती. आणि खरं सांगायचं तर, ते "तुम्ही आहात म्हणून" ऐकायला थोरलीचे कान आसुसले होते. तिने काळी खिडकी उघडली. अडकलेली कामं पुसली, प्रिंटर काढून टाकला, नव्याने जोडला. एक आज्ञा चुकली, ती पुन्हा दिली. खर्रर्र करून आठ फोटो बाहेर आले. नर्सने ते ओढले आणि धूम ठोकली. ताई नाही, काही नाही.

सासरे बाहेर आले. "बाबा, प्रिंटर अडला होता, मी..."

"अडला नि सुटलाही? वा! धाकटी घरात नसली तरी तिचं काम चालतंय बघ!"

कष्ट थोरलीचे नि नाव धाकटीचं! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! निळ्या पडद्यामागे जाऊन थोरली घळाघळा रडली.

तिसऱ्या दिवशी धाकटी परतली. सासऱ्यांनी तिला मीठमसाला लावून सगळं ऐकवलं. धाकटी गोंधळली. कंप्युटरपुढे बसून तिने काळ्या खिडकीत बाणाचं बटण दाबलं, तसं आधी टाइप केलेलं एकेक करून वर यायला लागलं. चुकलेली आज्ञा आली, दुरुस्त केलेली आली. थोरली मागे उभी राहून बघत होती. आता धाकटीला कळलं. आता ती बोलेल.

"तूच करून ठेवलं होतंस ना गं काहीतरी?" सासऱ्यांनी विचारलं.

धाकटीचे कान लालबुंद झाले. "हो बाबा," ती म्हणाली. आणि सासऱ्यांची पाठ वळताच तिने ते टाइप केलेलं सगळं पुसून टाकलं. परत बाण दाबून काही उरलं नाही ना, तेही पाहिलं.

थोरलीने खरं तर चिडायला हवं होतं. पण ते लाल कान! इतके दिवस स्वतःचे कान असेच तापत होते, ते तिला पक्कं ठाऊक होतं. अगं बाई, ही माझ्यावर जळतेय!

तिने पुढे होऊन धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रवासाने दमली असशील," ती अगदी मायेने म्हणाली. "ऊठ, मी बसते इथे."

धाकटीने एकदा मागे वळून थोरलीकडे पाहिलं आणि मुकाट्याने खुर्ची सोडली.