पाणी वर की खाली

माझी थोरली बहीण सहा महिन्यांची असताना गेली. मी तिच्यानंतर जन्मले, तिच्यासाठी शिवलेली कुंची घालून वाढले, शाळेत गेले, साडी नेसायला लागले, तरी घरात तिचा उल्लेख ‘तुजी आक्का’ असाच व्हायचा. म्हणजे कुंचीतल्या पोरीला मी मान द्यायचा. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा. जी कधी भांडली नाही, जिनं कधी दूध सांडलं नाही की चिंचा चोरल्या नाहीत, तिच्याशी बरोबरी करायची तरी कशी?

आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या वरच्या अंगाला. धरण झालं, गाव पाण्यात जाणार म्हणून सरकारनं आम्हाला सांगलीकडच्या काळ्या मातीत आणून बसवलं. मी तेव्हा चार-पाच वर्षांची असेन. पाणी चढायच्या आधीच आम्ही निघालो होतो. ट्रकमध्ये लोकांनी जाती घातली, दाराच्या चौकटी घातल्या, देवळातले देव गोणपाटात गुंडाळून घातले. आक्का तेवढी तिथं राहिली.

आमच्याकडे तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. गावाच्या वर, ओढ्याकाठी एका हिरड्याखाली तिला ठेवलं होतं. सोबत मीठ घातलं होतं आणि कोल्ह्या-तरसांनी उकरू नये म्हणून वर एक मोठा दगड. आबा तेव्हा फौजेत होते. ते रजेवर आले तेव्हा लेकीऐवजी त्यांना तो दगड दाखवला. तिला जिवंत त्यांनी पाहिलंच नव्हतं.

गाव बुडालं हे नक्की होतं. हिरडा बुडाला की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आई तिकडून आलेल्या प्रत्येक माणसाला विचारायची. कुणी म्हणे पाणी पार ओढ्याच्या वरपर्यंत आलंय, कुणी म्हणे हिरडा अजून दिसतो, तर कुणी नुसतंच बाईचं समाधान म्हणून मान हलवी. आईला मनातून वाटायचं की जागा कोरडी आहे. भूकंपानं कोयनानगर हादरलं त्या पहाटे आमच्याकडेही मांडणीवरची भांडी वाजली. सगळे अंगणात गोळा झालेले, आणि आई मला हळूच विचारते, जमीन अशी हलली की आतलं वर येतं का गं? मी तेव्हा शाळेत होते. पुढं कितीतरी दिवस मी परसाकडे एकटी गेले नाही.

कॉलेजला मी भूगोल घेतला तो काही या कारणानं नव्हे. मराठीच्या वर्गात गर्दी होती आणि अर्थशास्त्र माझ्या डोक्यावरून जायचं, म्हणून. सांगलीत विश्रामबागेत मुलींच्या वसतिगृहात राहायचे. रंगाच्या पेन्सिली घेऊन बसले की खोलीतल्या मुली म्हणायच्या, आमची बालवाडी भरली बघा. पर्यावरण हा शब्द तेव्हा नुकता नुकता कानांवर पडू लागला होता. आमचे सर तो असा उच्चारायचे की जणू नव्या सुनेची ओळख करून देताहेत. मला विषय आवडला. दगड हातात घेऊन बघायचा, माती बोटांत चुरायची, नकाशावर पेन्सिल ठेवायची, हे मला जमत होतं. एकदा वर्गात सरांनी कृष्णेच्या उपनद्या सांगितल्या. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिथून दोघींचं पाणी सांगलीला येतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण त्या संध्याकाळी वसतिगृहात पाण्याचा पेला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. मैत्रिणीनं विचारलं तर पाण्याला वास येतोय असं काहीतरी सांगितलं.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी कपाटातून कापडावर चिकटवलेले जुने नकाशे काढले आणि एकेकीला एकेक वाटला. साहेबांच्या काळातल्या मोजणीचे ते नकाशे. माझ्या वाट्याला आलेल्या नकाशावर मी उगाच नदी धरून वर वर जात होते. एका वळणावर बारीक अक्षरात आमच्या गावाचं नाव दिसलं. घरांचे ठिपके, देवळाची खूण, पायवाटेची तुटक रेघ, मागचा ओढा, सगळं जागच्या जागी. धरणाचा कुठं पत्ताच नव्हता. बाकीच्या मुली डोंगराची उंची काढत होत्या आणि मी तिथं बसून होते, बोट आमच्या दारात ठेवून.

सर माझ्याजवळ आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की हे आमचं गाव. ते म्हणाले की हा नकाशा जुना झाला, आता इथं सगळं पाणी आहे, पण उतार काही बदलत नाहीत, तुम्ही छेद काढा. छेद म्हणजे डोंगर उभा कापला तर त्याची कड कशी दिसेल, त्याचं चित्र. मी काढला. सरांनी धरणाच्या पाण्याची पातळी विचारून आणली आणि माझ्या चित्रात निळ्या पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. गाव रेघेच्या खूप खाली गेलं. मग मी ओढ्यावर हिरड्याची जागा अंदाजानं धरली. नकाशावर ठरावीक उंचीला एक तपकिरी रेषा असते, तिच्यावर पुन्हा तेवढ्याच उंचीला दुसरी. हिरडा अशा दोन रेषांच्या मधे पडला, आणि निळी रेघही नेमकी त्याच दोन रेषांच्या मधून गेली. मी पुन्हा काढलं. पुन्हा तेच आलं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, दोन रेषांच्या मधलं नकाशाला ठाऊक नसतं, तिथं जाऊनच बघावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या भागाची पातळ कागदावर उतरवलेली प्रत घरी नेली. न्यायला नको होती असं कितीदा तरी मनात आलंय. आईनं कागद मांडीवर घेतला. तिला अक्षर येत नव्हतं, पण देऊळ कुठलं, पाणवठा कुठला हे सांगितल्यावर तिचं बोट आपसूक ओढ्यानं वर गेलं आणि थांबलं. तिनं बाकी काही विचारलं नाही.

“येवढंच सांग,” ती म्हणाली. “पानी तिच्या वर हाय का खाली?”

मी तिला रेषा समजावल्या, मधली जागा समजावली. माझं शिक्षण ऐन वेळी असं तोकडं पडलं याची मला लाज वाटली. आबा दाराशी बसून सुंभ वळत होते. फौजेत ते नकाशा वाचायला शिकलेले, त्यामुळे त्यांनी येऊन बघावं असं मला वाटत होतं. त्यांनी तिथूनच एकदा नजर टाकली आणि सुंभ तसंच टाकून बाहेर निघून गेले.

आईनं त्याच दिवशी ठरवलं की उन्हाळ्यात पाणी उतरलं की जायचं. कुठवर ओलीचा डाग आहे ते डोळ्यांनी बघायचं, दगडावर दूध घालायचं आणि यायचं. आबा नको म्हणाले नाहीत. ते फक्त लांबणीवर टाकत राहिले. आधी ज्वारीची खळी, मग कुणाचं लग्न, मग धरणातली लाँच चालू नाही म्हणतात, मग तुझे गुडघे. माझ्या आठवणीत तरी आबांनी कधी कुठल्या कामाला आजचं उद्या केलं नव्हतं. आईचा संताप संताप व्हायचा. बापाला माया नाही, पोटात वाढवलं असतं तर कळलं असतं, असं ती त्यांच्या देखत मला सांगायची. ते ऐकून घ्यायचे.

त्याच उन्हाळ्यात आम्हाला एका गावाची पाहणी करून आणायला सांगितली होती. मी आमचंच नवं गावठाण घेतलं. घरोघर फिरले, वाटा मोजल्या, माती लिहिली, पिकं लिहिली. दगडाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द येत होता, काळा. त्या मुलखात दुसरा दगडच नाही. शेवटी आमच्या रानात आले. बांधावर बाभळ होती आणि तिच्या बुडाशी परातीएवढा एक दगड अर्धा मातीत गेलेला. हा दगड मी लहानपणापासून पाहिलेला. दुपारच्या भाकरी आम्ही त्याच बाभळीखाली खायचो. धाकटा भाऊ तान्हा असताना त्याची झोळी आबा मुद्दाम तिथंच बांधायचे. मी एकदा त्या दगडावर चढून उभी राहिले होते, तर आबांनी काही न बोलता मला उचलून खाली ठेवलं होतं. त्या दिवशी मात्र मी तो पाहणी करायची म्हणून पाहिला. खुरपीनं वरची माती खरवडली. आतून तांबडा, भोकाभोकांचा. जांभा.

जांभा डोंगरमाथ्यावर असतो. आमच्या जुन्या गावाच्या माथ्यावर होता, तिथून घरंगळून ओढ्यात यायचा. वर्गातल्या नमुन्यांच्या पेटीत तो मी इतक्या वेळा हातात घेतला होता की चुकायचा प्रश्नच नव्हता. काळ्या रानात तो आपण होऊन येणं शक्य नव्हतं. भर दुपार, टळटळीत ऊन, आणि मी त्या दगडावरचा हात उचलून पदराला पुसला.

आबा पलीकडे कुळवाची पाळी घालत होते. त्यांना हाक मारली. माझ्या हातातली खुरपी आणि खरवडलेला दगड बघून ते समजले. बैलांना उभं करून आले आणि माझ्याजवळ खाली बसले.

“ट्रक निघायच्या आदल्या दिशी जाऊन आनला,” ते म्हणाले. “लेकीचं तोंड बगितलं न्हाई म्या. दगड तेवढा बगितला हुता. त्यो तरी कसा टाकून येऊ?”

पुरल्या जागेवरचा दगड घरात आणायचा नसतो, म्हणून त्यांनी तो घरी नेला नव्हता. गोणपाटाखाली लपवून आणला, बांधावर ठेवला आणि आम्हा सगळ्यांना रोज तिच्याजवळ बसवून जेवू घातलं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळत गेलं आणि मला रडू आवरेना. आबा खालच्या आवाजात सांगत होते की हे आईला कळू देऊ नकोस, तिकडं जाऊन तिला जागा सापडणार नाही म्हणून मी टाळत होतो.

आई भाकरीची पाटी घेऊन आमच्या मागं आली होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे, पण दगडाकडे बघितलं आणि तिला पुरतं कळलं. मला वाटलं ती आता त्या दगडाला कवटाळेल. ती नुसती उभी होती.

“म्हंजे तिला उघडी टाकून आलो आपुन,” ती म्हणाली.

आबांचं तोंड पांढरंफटक पडलं. इतक्या वर्षांत हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. दगड त्यांना लेकीच्या जागी होता. तो कशासाठी ठेवला होता, हे पुरताना ते तिथं असते तर त्यांना माहीत असतं.

“पानी येनारच हुतं की,” ते कसेबसे म्हणाले.

“आन न्हाई आलं तिथवर, तर?”

बैल माना हलवत उभे होते. आईनं पाटी खाली ठेवली, भाकरी काढल्या, तिघांना वाढल्या. आबांच्या हातातला घास हातातच राहिला. मग आई माझ्याकडे वळली आणि विचारलं की नकाशात खरंच काही कळत नाही ना. मी नाही म्हटलं.

“मंग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “आलं आसंल पानी. आलंच आसंल.”

आम्ही त्या उन्हाळ्यात गेलो नाही. त्यानंतरही कधी गेलो नाही. जिला आयुष्यभर जागा कोरडी हवी होती, तिला आता ती बुडालेली हवी होती, आणि जाऊन बघितलं तर यांतलं एकच काहीतरी खरं निघालं असतं. दगड बांधावरच राहिला. आईनं त्यावर कधी दूध घातलं नाही. तिथं जेवायला बसणं मात्र सोडलं नाही. आबा तिच्यासमोर पुन्हा कधी मान वर करून बसले नाहीत असं मला वाटतं, पण आई त्यांना माया नाही असंही पुन्हा म्हणाली नाही.

मी पुढं भूगोलच शिकवला. मुलींना छेद काढायला शिकवताना दोन रेषांच्या मधल्या जागेपाशी माझा आवाज जरा चढायचा. त्यांना वाटायचं बाई तापट आहेत. तशी मी आहेच. वैशाखात पेपरात यायचं की धरणाचं पाणी खाली गेलं, जुनी देवळं उघडी पडली. तो पेपर मी घरी नेत नसे. श्रावणात मात्र आई रोज संध्याकाळी विचारायची, धरण भरलं का गं? शेजारणींना वाटायचं म्हातारीला उसाच्या पाण्याची काळजी. भरलं म्हटलं की ती भिंतीला टेकायची, “पांघरून घातलं बग एकदाचं,” असं पुटपुटायची आणि त्या रात्री तिला शांत झोप लागायची.

आता आई नाही, आबाही नाहीत. रान भावाकडे आहे आणि त्यानं दगड हलवलेला नाही. पावसाळ्यात पेपर आला की मी आधी आतल्या पानावरची पाणीपातळी बघते. धरण भरल्याचं वाचलं की मी पेपर घडी करून ठेवते आणि चहा टाकायला उठते.