आठ भोकं

त्याला सगळे तोंडावर साडेतीन म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. डाव्या हाताला अंगठा, दोन बोटं आणि तिसऱ्याचं एक पेर एवढंच उरलं होतं. बाकीचं चौदा वर्षांपूर्वी लेथच्या गिअरमध्ये गेलं.

त्याचा बाप टर्नर होता आणि मारकुटा होता, आणि दोन्हीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मापात केसभर चूक झाली की कानशीचा फटका बोटांच्या सांध्यांवर बसायचा. दोन मुलं त्या फटक्यांखाली कसब शिकली, आणि मारायलाही तिथंच शिकली. बाप गेला त्या महिन्यातच मोठ्या लेथवर कोण बसणार यावरून दोघं भिडले. थोरल्यानं लोखंडी गज उचलून धाकट्याच्या कानशिलावर हाणला. धाकट्यानं त्याला ढकललं ते चालू लेथवर. गिअरवरचं झाकण तेल घालायला काढलेलं होतं. एकाचा कान कायमचा बहिरा झाला, दुसऱ्याची बोटं गेली. दवाखान्यात दोघं एकाच टेम्पोतून गेले, बाहेर पडले ते दोन वाटांनी. धाकट्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला आपलं छोटं वर्कशॉप टाकलं. त्यानंतर दोघांतून विस्तव जात नव्हता.

साडेतीनचा राग मात्र बोटांबरोबर गेला नाही. दोन कारागीर त्याच्या हातचा मार खाऊन पळून गेले. शेवटी उरली ती बायको. ती तपासणीला बसायची. केसभर फरक दाखवणारं डायल गेज लावून प्रत्येक भाग फिरवून बघायची आणि नापास केला तर त्याच्यापुढे नुसता सरकवायची. तिच्या अंगावर त्यानं हात टाकला नव्हता. एकदा उगारला होता, तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "टाका. पण मग उद्यापासून मापं तुमची तुम्ही घ्या." हात खाली आला तो आलाच.

अशा माणसाकडे पूल बांधणारा एक ठेकेदार आला. साठी उलटली होती, आणि त्याला जगात दुसरी नसेल अशी एक स्पोर्ट्स गाडी हवी होती. इंजिन एका गाडीचं, सांगाडा स्वतः बनवून घेतलेला, त्यामुळे बाजारातला एकही भाग बसेना. साडेतीननं पेडल केली, चाकांचे हब केले, चाकांना धरणारे दांडे केले. सगळ्यात जास्त जीव त्यानं ओतला तो पुढच्या चाकांच्या नकलमध्ये. चाक, ब्रेक आणि स्टिअरिंग तिन्ही ज्या तुकड्यावर येऊन मिळतात तो नकल. नाव नकल, पण कशाचीही नक्कल नाही, असं तो म्हणायचा. महिनाभर त्यानं कागदावर रेघा मारल्या आणि खोडल्या. मग प्रत्येक नकलसाठी अकरा किलोचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा मिलिंग मशिनवर चढवला आणि कोरत कोरत पावणेदोन किलोवर आणला. मधला निमुळता भाग, म्हणजे मान, चौदा मिलिमीटर जाड ठेवली. बायकोनं दोन्ही नकल तपासले आणि काही न बोलता कापडात गुंडाळले. यापेक्षा मोठी शाबासकी त्या घरात नव्हती.

गाडी चालवणार होता ठेकेदाराचा जावई. तो पूर्वी शर्यतीत उतरलेला, त्यामुळे सगळं कळतं असा समज. त्यानं नकल हातात तोलला आणि म्हणाला, "मिस्त्री, मान फार जाड झालीय. जरा उपाशी ठेवा हिला. भोकं पाडा."

"भोकं पाडली तर मान तुमची जाईल."

"पूल बांधताय का गाडी?"

साडेतीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं जावयाची कॉलर धरून त्याला पान्यांच्या रॅकवर आपटलं. वरून पाने कोसळले, एक जावयाच्या भुवईवर लागला. बायको मध्ये पडली म्हणून तेवढ्यावर निभावलं. जावई रक्त पुसत नकल घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी, विमानांच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर, सकाळी नऊ वाजता गाडी पळाली. ठेकेदारानं साडेतीनलाही बोलावलं होतं. दोन फेऱ्या छान गेल्या. तिसऱ्या फेरीत जावयानं वेग चढवला आणि वळणाआधी जोरात ब्रेक मारला. फाटकन आवाज आला, बंदुकीसारखा. पुढचं डावं चाक ब्रेकसकट आत दुमडलं. गाडीचं नाक सिमेंटमध्ये घुसलं, ती दोनदा स्वतःभोवती फिरली आणि कडेच्या भिंतीवर आडवी आदळली. सुटलेलं चाक तिला मागे टाकून उड्या मारत पुढे गेलं.

सगळे जावयाकडे धावले. त्याचा जबडा एका बाजूला लोंबत होता, मांडीचं हाड पँटमधून बाहेर आलं होतं, आणि तो ओरडायचा प्रयत्न करत होता पण आवाज गुळण्या केल्यासारखा येत होता. साडेतीन धावला तो चाकाकडे. त्याची नंतर त्यालाच लाज वाटली. तुटलेल्या मानेचा अर्धा तुकडा अजून कढत होता. त्याच्यावर चार भोकं होती. दुसरी चार उरलेल्या अर्ध्यावर असणार.

भोकांच्या तोंडावर तीन बारीक ओरखडे होते. मोडक्या त्रिकोणी कानशीचं टोक हातानं फिरवून भोकाच्या काठाची धार मारली की असे ओरखडे उठतात. ही बापाची सवय होती. जगात ती आणखी दोघांनाच होती, आणि त्यातला एक इथं उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठेकेदार वर्कशॉपात आला. बरोबर दोन माणसं, दोघांच्या हातात सळया. ठेकेदाराच्या शर्टावर जावयाचं रक्त वाळलेलं होतं. त्यानं नकलचा दुसरा तुकडा बाकावर टाकला.

"ड्रॉइंगमध्ये भोकं नाहीत," तो म्हणाला. "मग ही कुठून आली? माझी पोरगी दवाखान्यात बसलीय, पोटुशी. मला नाव पाहिजे. ज्या हातांनी पाडली ते हात मी मोडणार आहे."

साडेतीनला उत्तर ठाऊक होतं. एवढं नाव घेतलं की चौदा वर्षांचा हिशोब दुसऱ्याच कुणाच्या तरी सळईनं चुकता होणार होता. त्यानं तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते त्यालाही अनोळखी होतं.

"मी पाडली."

"खोटं आहे," बायको आतून म्हणाली. "मी तपासलंय. इथून गेला तेव्हा अखंड होता."

"तू आत जा."

पहिली सळई त्याच्या बरगड्यांवर बसली, दुसरी गुडघ्यावर. तो खाली पडला आणि प्रतिकार केला नाही. बाप गेल्यापासून मार न परतवण्याची ही त्याची पहिलीच वेळ. मग एकानं त्याचा उजवा हात, धड पाच बोटांचा, बाकावरच्या वाइसच्या लोखंडी जबड्यात घातला आणि दुसऱ्यानं दांडा फिरवायला घेतला. हाडं एकेक करून बोलली. साडेतीननं दात आवळले आणि एक दात तुटला. बायकोनं तपासणीच्या टेबलावरचा तांब्याचा हातोडा उचलला आणि दांडा फिरवणाऱ्याच्या मनगटावर घातला, पूर्ण ताकदीनं, वरून खाली. तो किंचाळत बसकण मारून पडला. दुसरा तिच्याकडे वळला, तशी तिनं हातोडा पुन्हा उचलला.

"पुरे," ठेकेदार म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पाहायला आला होता ते पाहून झालं होतं, आणि त्यानं त्याला बरं वाटलं नव्हतं. तो माणसांना घेऊन निघून गेला. वाइस बायकोनंच उघडला.

दवाखान्यात प्लास्टर ओलं असताना तिनं विचारलं, "भाऊजींनी पाडली ना?"

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मग का?"

"त्याचा एक कान मी घेतलाय," तो म्हणाला. "हात नाही देणार त्याचे कुणाला."

बारा दिवसांनी तो लंगडत धाकट्याच्या वर्कशॉपात गेला. धाकट्यानं बहिरा कान भिंतीकडे आणि चांगला दाराकडे ठेवून काम करायची सवय लावून घेतली होती. त्यानं वर पाहिलं, प्लास्टर पाहिलं, आणि ड्रिल बंद केलं.

"किती भोकं सांगितली होती?" साडेतीननं विचारलं.

"सहा."

"मग आठ का?"

धाकट्यानं बराच वेळ हात पुसले. "तुझं काम आहे हे बघताक्षणी कळलं. शहरभर शोधलं असतं तरी असं काम मिळालं नसतं. मला ते तुटायला हवं होतं, दादा. माणूस मरेल हे डोक्यातच आलं नाही. तुझं नाव तेवढं मरावं."

साडेतीननं डाव्या हातानं त्याच्या तोंडात ठेवून दिली. धाकट्याचा ओठ फाटला. तो क्षणभर थांबला, आणि मग त्यानं मारलं, दोन्ही मुठींनी, पोटात, तोंडावर, चौदा वर्षं साठवलेलं. साडेतीन टेबलासकट मागे कोसळला. नाकाचं हाड मोडल्याचं त्यानं स्वतः ऐकलं. त्यानं प्लास्टरचा हात डोक्यावर धरला आणि मार घेत राहिला. दहाव्या की बाराव्या ठोशाला धाकट्याचे हात आपोआप थांबले.

"हात कुणी मोडला?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"ठेकेदारानं. मी सांगितलं, भोकं मीच पाडली."

धाकटा जमिनीवर बसला. मग तो ओकला. धाकट्याच्या बायकोनं पाण्याची बादली आणून दोघांच्या मध्ये ठेवली आणि दोघांकडेही न बघता परत गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटा न सांगता पुलाच्या कामावर गेला आणि ठेकेदारासमोर सगळं बोलला. ठेकेदारानं त्याच्या मुस्काटात दोन मारल्या, त्यातली एक चांगल्या कानावर. मग ठेकेदार स्वतःच सिमेंटच्या पोत्यांवर टेकला. जावयाचा जबडा तारांनी बांधलेला होता, पण आदल्या दिवशीच त्यानं कागदावर लिहून दिलं होतं की सासऱ्याला न सांगता भोकं पाडून घेतली ती मीच.

"मिस्त्रीनं स्वतःचं नाव का घेतलं?" ठेकेदारानं विचारलं.

"विचारायची हिंमत झाली नाही," धाकटा म्हणाला.

ठेकेदार माफी मागायला आला नाही. त्यानं वाकलेली गाडी तेवढी वर्कशॉपासमोर आणून उभी केली. साडेतीन तिच्याकडे दोन आठवडे फिरकला नाही. मग त्यानं डाव्या हाताच्या दोन बोटांत पेन्सिल धरून रेघा मारायला सुरुवात केली. रेघा वाकड्या यायच्या, बायको त्यावर पट्टी ठेवून सरळ करायची. उजवी मूठ पुढे कधी पूर्ण मिटली नाही. नवे नकल धाकट्यानं कोरले, मोठ्या लेथवर हबही त्यानंच फिरवले. आठवड्यातले तीन दिवस तो यायला लागला. दोघं कामापुरतं बोलत, आणि कामावरूनच भांडत. एकदा साडेतीननं पाना भिरकावला, पण भिंतीवर. धाकट्यानं तो उचलून जागेवर ठेवला आणि म्हणाला, "हात बिघडलाय तुझा. पूर्वी लागायचा." बायको आतून हसली. ते दोघं हसले नाहीत.

जावई काठी घेऊन चालतो आणि गाड्यांचं नाव काढत नाही. ती गाडी ठेकेदार स्वतः चालवतो, ताशी चाळीसच्या वर कधी नेत नाही. धाकटा म्हणतो, एवढ्यासाठी लाकडाचा नकलही चालला असता.