पन्नास सीसीची चिठ्ठी

“चढव गो शैला, चढव! काय होत नाय! मूठ पिळ नि ये वर!”

हा ओरडणारा मी. घाटीच्या माथ्यावर, रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर उभा, दोन्ही हात हवेत. बाजूला चहाच्या टपरीवरचे चौघे, मीच गोळा करून आणलेले प्रेक्षक. आणि खाली, चढाच्या निम्म्यावर, एक मोटरसायकल. पुढे शैला, सोळा वर्षांची. मागे तिचे वडील, आमच्या वाडीचे विठ्ठलमास्तर, टोपी एका हाताने धरून बसलेले. त्यांच्या मागे, बऱ्याच अंतरावर, चिऱ्यांनी भरलेला ट्रक, हॉर्न वाजवत, माणूस चालतो त्या वेगाने चढणारा.

इथे जरा थांबतो. कारण यापुढचं मी हजार वेळा सांगितलंय — आणि एकदाही सांगितलेलं नाही. कोड्यात बोलतोय असं वाटतं ना? तसं नाही. जे सांगत आलो ते वेगळं होतं. जे झालं ते एका माणसाला सोडून कुणालाच ठाऊक नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला सांगतो.

माझी ख्याती तुमच्या कानावर नसेल. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला रत्नागिरीत माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक माड आणि हवा भरायचा पंप. पण तोंड? तोंडाचा पसारा गोव्यापर्यंत! बंद पडलेली एसटी मी शहाळ्याच्या पाण्यावर लांज्यापर्यंत नेली, असं मी खुद्द लांज्यात सांगून आलोय, आणि लोकांनी माना डोलावल्या. बिघडलेलं इंजिन माझी शीळ ऐकून सुरू होतं, हेही. लोक हसायचे, पण गाडी माझ्याकडेच आणायचे. मला वाटायचं, थोडं वाढवून सांगितलं तर कुणाचं काय जातं?

आता मास्तर. त्यांना एकच गोष्ट सहन होत नसे — खोटं. पोराचं गणित चुकलं तर दहादा समजावतील. पण दुसऱ्याचं उतरवून ‘माझंच आहे’ म्हटलं की छडी. मी स्वतः खाल्लीय ती. पहिली ते चौथी जेवढी छडी शाळेने वापरली, त्यातली निम्मी माझ्या हातावर मोडली — बघा, परत वाढवून सांगतोय. चार-पाच वेळा खाल्ली असेल.

शैला त्यांची एकुलती. दहावीला चांगले गुण, कॉलेजात नाव घातलेलं. कॉलेज सकाळी सातचं, आणि आमच्या वाडीतून पहिली एसटी सुटायची साडेसातला. मास्तरांकडे मोटरसायकल होती, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून ते ती चालवत नसत. म्हणून ठरलं की शैलाच गाडी शिकेल. मुलगी गाडी चालवणार म्हटल्यावर वाडीत कुजबुज झाली, पण मास्तर ढिम्म. “नियमात बसत असेल तर ती चालवील,” म्हणाले.

नियम असा होता की सोळा पुरी झालेल्याला पन्नास सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचंच शिकाऊ लायसन मिळे. शैलाने ते काढलं. मास्तरांची गाडी शंभर सीसीची, चार गिअरची. ती विकून छोटी घ्यायचं त्यांनी नक्की केलं होतं. गिऱ्हाईकसुद्धा ठरलं होतं. सगळं सरळ, नियमातलं, मास्तरांसारखं.

तिथे मी तोंड घातलं.

“मास्तर, विकताय कशाला? हीच तुम्हाला पन्नासात बसवून देतो!”

का बोललो? कुणी विचारलं होतं मला? टपरीवर चौघे ऐकत होते, एवढंच कारण. आणि एकदा बोलल्यावर मागे कसा येणार? कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये मी एक पितळी रिंग बसवली, करंगळी जेमतेम जाईल एवढ्या भोकाची. हवा कमी, पेट्रोल कमी, की दमही कमी. मग गिअरच्या दांडीला पट्टी मारली आणि गाडी कायमची दुसऱ्या गिअरला जखडली. गिअर बदलताच येत नाहीत, म्हणजे बिनगिअरचीच झाली की नाही? टपरीवर टाळ्या पडल्या.

सीसी म्हणजे सिलिंडरचं पोट. रिंग बसवून गळा आवळला म्हणून पोट लहान होतं का? फिटर होतो मी. मला हे कळत नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू?

मास्तरांनी विचारलं, “मोटारखात्याच्या साहेबांना चालतं का रे हे? विचारलंस का?” मी म्हटलं, “विचारलं. चालतं.” साहेबांना मी उभ्या जन्मात भेटलो नव्हतो. मास्तर म्हणाले, “मग लिहून दे.” मी लिहून दिलं — ‘सदर गाडीची शक्ती पन्नास सीसीइतकी केली असून शिकाऊ लायसनवर चालवण्यास साहेबांची हरकत नाही’ — खाली सही आणि गॅरेजचा शिक्का. मास्तरांनी घडी घालून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, देवाचा अंगारा ठेवावा तशी. गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवलं.

गाडी मी तपासली होती का? तपासली होती. सड्यावर, त्या सपाट उघड्या कातळावर, एकट्याने, फेरीवर फेरी. तीसच्या वर जाईना. खूश झालो! पण चढावर, दोघांना घेऊन, दुसऱ्या गिअरला, आवळलेल्या गळ्याने ती चढेल का, हे पाहिलंच नाही. तपासायला गेलो आणि ती चढली नाही तर? टपरीवर काय सांगणार होतो?

म्हणून मी त्यांनाच चढायला लावलं. उद्या कॉलेज सुरू, आज घाटी चढून दाखवा, मी माथ्यावर थांबतो.

निम्म्यावर गाडीचा आवाज बदलला. फिटरला आवाज कळतो, बरं. तो धापेचा आवाज होता. मला कळलं की ही मरतेय. त्याच क्षणी “उतरा, गाडी बाजूला घ्या” असं ओरडलो असतो तर? ट्रक अजून लांब होता. मी ओरडलो “चढव!” एकदा नाही, तीन-चारदा. चौघांच्या देखत हरायचं नव्हतं मला.

गाडी बंद पडली आणि मागे सरकायला लागली. शैलाने ब्रेक दाबला, पाय रोवले, पण खडी लागली आणि गाडी आडवी झाली. ट्रकवाल्याने जीव खाऊन ब्रेक मारला, ट्रक थांबला, पण थांबता थांबता मास्तरांचा गुडघा गाडी आणि बंपरच्या मध्ये सापडला. तो कसा ओरडला असेल माणूस? ओरडला नाही. “शैला, तुला लागलं का?” एवढंच म्हणाला.

धावत सगळ्यांत आधी पोचलो तो मीच. मास्तरांना काखेत हात घालून उचलणाराही मीच. आणि आता ऐका. हे तुमच्या डोळ्यांत बघून मला सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. उचलताना माझा उजवा हात त्यांच्या छातीशी होता. त्यांचे डोळे मिटलेले. मी दोन बोटं त्यांच्या खिशात घातली आणि चिठ्ठी काढून घेतली. जखमी माणसाला सावरता सावरता. घाबरून हात गेला, असं म्हणू का? नाही. हात अगदी शांत होता. कार्बोरेटरची सुई काढतो तसा.

मग हवालदार आले. मी सांगितलं की गाडी फक्त सड्यावर सरावाला म्हणून करून दिली होती, रस्त्यावर आणू नका असं बजावलं होतं. आणि थांबली कशी? “पोरगी ट्रकला घाबरली, तिने मूठ सोडली.” टपरीवरच्या चौघांनी मान डोलावली. माझ्या बोलण्यावर मान डोलवायची त्यांना सवयच होती.

शैला तिथेच उभी होती, कोपर सोललेलं. म्हणाली, “मी पूर्ण पिळली होती मूठ. पूर्ण.” कुणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मास्तर शुद्धीवर आल्यावर म्हणाले, माझ्या खिशात चिठ्ठी आहे. खिशात काही नव्हतं. ती कुणी लिहिली हे मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आयुष्यभर खऱ्याची छडी चालवलेला माणूस, आणि चौकशीला आलेल्या शाळाखात्याच्या साहेबांसमोर त्याने लिहून दिलं — चिठ्ठी होती, गहाळ झाली. लोक गालातल्या गालात हसले. पोरीच्या हट्टापायी मास्तरांनीही थाप ठोकून दिली म्हणे. चिठ्ठीचं मी काय केलं? गिळली म्हणालो असतो तर गोष्ट रंगली असती. पण तसं काही नाही. गॅरेजातला स्टोव्ह तिच्यावर पेटवला, चहा केला आणि प्यालो.

चिठ्ठीवरून मास्तर माझ्यावर संशय घेतील असं मला वाटलं होतं. घेतला नाही. माझी बाकीची बडबड आठवून त्यांना वाटलं, चिठ्ठी पडताना कुठे उडाली असेल, आणि घाटी जमेपर्यंत एरवी रस्त्यावर आणू नका म्हणून बाळ्या, म्हणजे मी, कधीतरी बोलला असेल, आपल्याच ध्यानात राहिलं नसेल. उलट सगळ्यांना सांगत, बाळ्याने उचललं म्हणून वाचलो. गणपतीत पहिलं पान माझ्यासाठी मांडत. गुडघा वाकत नसे, तरी वाढायला स्वतः उठत. मी जेवलो. दरवर्षी जेवलो.

आणि शैला? घाबरले, मूठ सुटली, असं तिने म्हटलं असतं तर मास्तरांनी तिला त्याच दिवशी जवळ घेतलं असतं. पडण्याचा राग त्यांना नव्हताच. पण ती म्हणत राहिली की पूर्ण पिळली होती. मास्तरांना वाटलं, चूक झाकायला पोरगी खोटं बोलतेय, आणि तेही पुन्हा पुन्हा. “गाडी जाऊ दे. पण माझ्या घरात खोटं?” एवढं बोलून त्यांनी कॉलेज बंद केलं. एकदा खरं कबूल कर, उद्यापासून जा, असंही सांगून पाहिलं. तिने कबूल केलं नाही. कसं करणार? खरं ती आधीच बोलत होती.

तेव्हा जाऊन सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. मी काय केलं? टपरीवर त्याची गोष्ट केली. मास्तर फणसासारखे कसे गडगडले, ट्रकवाल्याचं तोंड कसं झालं. आणि शेवटी शैलाचा आवाज काढून — “मी पूऽर्ण पिळली होती हो!” हमखास हशा. लग्नात, बारशात, गोळपापासून दापोलीपर्यंत सांगितली. आमच्या वाडीत पुढे कित्येक वर्षं कुणी सबब सांगायला लागला की लोक म्हणायचे, “काय रे, पूर्ण पिळली होतीस का?”

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. लांज्याला दिली, नवऱ्याचं काजूचं दुकान. बाळंतपणाला माहेरी आली तेवढीच. बापलेकीचं बोलणं तुटलं नव्हतं, कामापुरतं होतं. मास्तर एकदा मला म्हणाले होते, “हुशार होती रे. पण खोटेपणा मला नाही जमत.” मी पानातला भात कालवत होतो. “हो, मास्तर,” म्हणालो.

मास्तर गेले. मोठं आयुष्य जगून, झोपेत गेले. दहाव्यालाच ठरवलं की आता शैलाला सांगायचं. आत्ताच का, ते तुमच्या ध्यानात आलं असेल. त्यांच्यासमोर उभं राहायचं आता उरलं नव्हतं. याला धैर्य म्हणू नका.

तरी लांज्याला जायला वर्ष लावलं. दुकानात ती एकटीच होती, केस पिकलेले, काजूगर निवडत बसलेली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. रिंग, पट्टी, साहेब, खिसा, स्टोव्ह, टपरी. काही वाढवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट आहे तेवढीच सांगितली, आणि ती किती लवकर संपली याचंच मला नवल वाटलं.

तिचे हात थांबले नाहीत. अख्खे एकीकडे, तुकडा दुसरीकडे. एक सूप निवडून झालं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मला अरे-तुरे करायची.

“बाबा असताना सांगायचंत,” ती म्हणाली.