प्रतीक्षाच्या निबंधातलं कारण कोणी बदललं?

आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाने माझ्या वर्गातल्या एका मुलीला फसवलं. तिचा निबंध घेतला, नाव तिचंच ठेवलं आणि आतलं कारण बदललं. तो निबंध अंकाला मीच दिला होता.

मी प्रथम वर्षाला लेखनकौशल्य शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे पुढच्या सत्रात बोलावतील याची खात्री नाही. आधी राहुरीच्या बाजारात टोमॅटोची दलाली केली. ती करत करतच एम. ए. झालो. त्यामुळे जीभ तिखट आणि सौद्याला मी कोणाला भीत नाही.

या वर्षी वर्गाला कारण-परिणाम निबंध दिला. एखादी गोष्ट का घडली आणि तिच्यामुळे पुढे काय झालं, ते लिहायचं. मुलं एकाच ठिकाणी चुकतात. जे आधी घडलं तेच कारण, असं धरून चालतात. मी विचारतो, "ते झालं नसतं, तर हे घडलं असतं का?" घडलंच असतं, तर दुसरं कारण शोधा.

अर्ध्या वर्गाने मोबाईलने तरुण पिढी कशी बिघडवली ते लिहिलं. प्रतीक्षाने (नाव बदललंय) लिहिलं, आमच्या वस्तीवरच्या मुली पहिल्या तासाला का नसतात. कॉलेजची बस पूर्वी वस्तीच्या फाट्यावर यायची. संस्थेने इंग्लिश मीडियमची शाळा काढली, तीच बस आधी शाळेच्या फेरीला लावली आणि वेळ वाचवायला आमचा फाटा वगळला. हे कारण. मुली उसातल्या वाटेने तीन किलोमीटर डांबरी रस्त्यापर्यंत चालतात, पहिला तास बुडतो, हजेरी कमी पडते, परीक्षेचा फॉर्म अडतो. सहापैकी दोघींनी कॉलेज सोडलं. हे परिणाम. एकही पायरी निसटत नव्हती. मी तो वर्गात वाचून दाखवला.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं.

"निबंध झकास आहे, सर. अंकात घेऊ. तपासणी समिती येतेय, मुलांचं लेखन दाखवायला बरं. फक्त ते बसचं तेवढं काढा."

"मग मुली उशिरा का येतात, ते कोण सांगणार?"

"अहो, संस्थेचे सचिव अंक वाचतात."

"शाळेचा उल्लेख काढतो. संस्था हा शब्द काढतो. बसचा मार्ग बदलला, हे वाक्य राहील."

"फार ताणता बुवा तुम्ही."

"नाहीतर निबंध परत द्या."

"बरं, राहू द्या."

दोन शब्द सोडून वाक्य वाचवलं, म्हणून मी खुशीत. प्रतीक्षा म्हणाली, "सर, छापायच्या आधी मला दाखवाल ना?" मी म्हणालो, "मी आहे ना." बाजारात क्रेट तळापर्यंत उपसल्याशिवाय मी कधी माल उचलला नाही. इथे प्रूफसुद्धा मागितलं नाही.

अंक आला. बसचं वाक्य गायब. त्या जागी छापलं होतं, "याला पालकांची शिक्षणाबाबतची अनास्था कारणीभूत आहे." पुढचे परिणाम जसेच्या तसे. वर प्रतीक्षाचा फोटो.

तीन दिवस प्रतीक्षा आली नाही. चौथ्या दिवशी तिची आई तिला घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात अंक.

"सर, ह्ये माझ्या लेकीनं लिवलंय व्हय?"

"नाही, मावशी."

"फोटू तर तिचाच हाय. शेजारच्या पोरीनं वाचून दावलं, अनास्था म्हंजी काय त्ये बी तिनंच सांगितलं. म्या रोज काठी घिऊन हिला डांबरीपातूर सोडाया येते. गाय तशीच हंबरत ऱ्हाती. आन् मला आस्था न्हाई?"

प्रतीक्षा हळूच म्हणाली, "तेव्हापासून आई माझ्यासोबत येत नाही, सर. म्हणते, जा एकटी."

मी दोघींना घेऊन थेट केबिनमध्ये शिरलो.

"वाक्य कोणी बदललं?"

"संपादक मंडळाने. त्यांना अधिकार असतो."

"मंडळातल्या तिघांनाही विचारलंय मी. ते म्हणतात, पान तुमच्या केबिनमधून तसंच आलं."

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "झालं ते झालं. ताई, तुम्ही कशाला मनावर घेता? त्यात तुमचं नाव कुठे आहे?"

"माझ्या लेकीचं हाय की. तिचा पालक कोन? तुमी?"

मी म्हणालो, "प्रत्येक अंकात शुद्धिपत्र चिकटवा."

"अंक वाटून झाले. पुढच्या वर्षी बघू. तुमच्या तासांचंही बघावं लागेल."

व्हरांड्यात मी त्या बाईंना प्रतीक्षाच्या हातचा मूळ निबंध वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा ऐकला. "ह्येच छापायचं हुतं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा लेकीसोबत चालू लागल्या. बस अजून फाट्यावर येत नाही. बुडालेल्या दिवसांमुळे प्रतीक्षाची हजेरी कमी भरली आणि फॉर्म अडकलाय. माझे तास दुसऱ्याला दिले.

मी शिकलो ते इतकंच. घासाघीस शब्दांवर करावी, कारणावर करू नये. आणि प्रूफ बघितल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नये.

तासांचं माझं मी बघून घेईन. पण प्राचार्यसाहेब, ते वाक्य कोणाच्या हातचं, त्याचं नाव सांगा. आणि ज्याने लिहिलं, त्याने सकाळी सहाला वस्तीवर यावं, त्या बाईंबरोबर डांबरीपर्यंत चालावं आणि अनास्था कोणाची, ते त्यांना तोंडावर सांगावं.