वाफेची सुट्टी

थांबाकाका हे नाव त्यांना खेळायला येणाऱ्या पोरांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की घरी बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणायची. दिवसभर शिट्टी फुंकून "थांबा! थांबा!" असं ओरडणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? काकांची तक्रार नव्हती. आधीची सगळी हयात त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून काढली होती. तिथेही काम हेच, माणसांना वेळेवर थांबवायचं. पुढे गुडघा कुरकुरायला लागला, गाडीत बसवेना, तेव्हा मेहुण्याने त्यांना आपल्या गोदामात पंच म्हणून ठेवून घेतलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हुशार, बोलघेवडा आणि स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश. बंद पडलेलं गोदाम भाड्याने घेऊन त्याने आत फळ्यांच्या भिंती, रिकामी पिंपं, जुनी कपाटं मांडली आणि लुटुपुटूच्या लढाईचा खेळ सुरू केला. दोन गट, हातात खेळातल्या बंदुका आणि त्यांतून सुटणारे वाटाण्याएवढे प्लास्टिकचे छर्रे. अंगाला लागला तर चिमटा काढल्यासारखं वाटायचं, पण डोळ्याला लागला तर डोळाच जायचा. म्हणून मास्क. 'खेळ चालू असताना मास्क कोणत्याही कारणाने काढू नये' अशी पाटी दारातच होती, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या मास्कचा पट्टा काका स्वतः ओढून बघायचे. बंदुकीचा जोर मोजायच्या यंत्रापुढे बंदूक धरल्याशिवाय ते कुणालाच सोडत नसत, मेहुण्याच्या मित्रांनाही नाही.

छर्रा कपड्यावर डाग ठेवत नाही. त्यामुळे ज्याला लागला त्यानेच हात वर करून "लागला" म्हणायचं आणि बाहेर व्हायचं, सगळा खेळ या एका शब्दावर चाललेला. काही महाभाग मात्र अमरपट्टा घेऊन जन्माला आलेले असत. पाठीवर मूठभर छर्रे बसले तरी "मला? छे!" अशांचा काकांना भारी संताप. "अहो, खोटं बोलून जिंकायचंय तर घरी जाऊन बायकोशी भांडा, इथे कशाला येता?" असं ते सगळ्यांदेखत सुनावायचे. मग बायकोशी भांडून आजवर कोण जिंकलंय म्हणून सगळे हसायचे, आणि अमर माणूस खजील होऊन बाहेर जायचा.

तिथे बसवालीही यायची. शहरातली बस चालवायची, म्हणून बसवाली. तिला गाडी शिकवली ती काकांनीच. पहिल्या दिवशी क्लच सोडताना गाडी बंद पाडून रडलेली ही मुलगी पुढे एवढी मोठी बस अरुंद रस्त्यातून अशी अलगद काढायची की काका फुटपाथवर उभे राहून बघत बसायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचे, "आमच्या हाताखालची आहे." त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. साठलेलं सगळं कौतुक हिच्या वाट्याला यायचं. खेळतानाही ती सरळ. छर्रा नुसता चाटून गेला तरी हात वर.

तिची अडचण एकच, तिला चष्मा होता. धावलं की श्वासाची वाफ मास्कच्या आत चष्म्यावर धरायची, मग समोर पायरी आहे की पिंप, काही दिसायचं नाही. मास्क वर करायचा तर शिट्टी मारून खेळ थांबवायचा, सगळ्यांच्या बंदुका खाली घ्यायच्या, असा नियम होता. पण हिच्यासाठी वरचेवर खेळ थांबायला लागला तशी लोकांची कटकट सुरू झाली. "काका, आम्ही खेळायला आलोय की नुसतं उभं राहायला?" वाफ न धरणारे, आत पंखा असलेले मास्क आण, असं काकांनी मेहुण्याला सांगून पाहिलं. तो "बघू" म्हणाला. त्याच्या "बघू"चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

तेव्हा काकांनी तोडगा काढला. एका कोपऱ्यात भिंतीवर जाड ताडपत्री लोंबत होती, तिच्यावर आपटलेला छर्रा जागच्या जागी खाली पडायचा. त्या कोपऱ्यात जायचं, "वाफ!" म्हणून ओरडायचं म्हणजे कुणी नेम धरणार नाही, भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसायचा आणि मास्क परत खाली. खेळ चालूच. सगळे याला 'वाफेची सुट्टी' म्हणायला लागले आणि काकांना आपल्या अकलेचं मनातून कौतुक वाटलं.

मग मेहुण्याला फोटोंचं वेड लागलं. ताडपत्री गबाळी दिसते म्हणून त्याने ती उतरवली आणि तिथे चकचकीत पत्रा ठोकला. छर्रे त्यावर टणटण वाजायला लागले. काकांनी तो आवाज रोज ऐकला. उलट त्यांना बरंच वाटलं, कुणाचा नेम चुकला ते आता कानाला कळत होतं. वाजलेला छर्रा पुढे कुठे जातो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. एव्हाना सगळ्यांच्या लक्षात भिंतीकडे तोंड करायचं एवढंच राहिलं होतं. ताडपत्री कशासाठी होती ते काकाही विसरले होते.

त्या दिवशी बसवाली "वाफ!" म्हणून ओरडली. काकांनी मान डोलावली. तिने भिंतीकडे तोंड केलं, मास्क वर सरकवला, चष्मा काढून पुसायला घेतला. पलीकडून एकाने तिसऱ्याच गड्यावर बंदूक चालवली. पत्र्यावर टण असा आवाज झाला, छर्रा उलटला आणि ती मटकन खाली बसली. दोन्ही तळहात डाव्या डोळ्यावर दाबून ती "काका" एवढंच म्हणाली. काकांचा पाय नसलेल्या ब्रेकवर करकचून दाबला गेला, आणि मग कुठे त्यांना शिट्टी आठवली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मेहुण्याने त्यांना बाजूला घेतलं. "भाऊजी, चौकशीला सरकारी साहेब येणारेत. पाटी दारात आहे, मास्क तिने काढला. ती स्वतःच म्हणतेय, चूक माझी. आपण फक्त हो म्हणायचं."

"आणि मी मुभा दिली होती ते?"

"ते तुम्हाला विचारलंय कुणी? गोदामाला टाळं लागेल. माझ्याबरोबर तुम्हीही घरी बसाल."

"रोज लोकांना ओरडून सांगतो, लागला तर आपणहून म्हणा. आता मीच गप्प बसू?"

"अहो, तो खेळ आहे!"

"तिचा डोळा खेळातच गेलाय ना?" काका म्हणाले, आणि आवाज चढला म्हणून नर्सने दोघांनाही बाहेर काढलं.

मेहुणा सांगत नव्हता ते काकांनी बसच्या डेपोत जाऊन विचारून घेतलं होतं. ड्रायव्हरने स्वतःच्या बेफिकिरीने डोळा घालवला असं ठरलं तर कंपनी सरळ घरी पाठवायची. दुसऱ्याच्या चुकीने गेला असेल तर डेपोतच बसून करायचं काम द्यायची. तिच्यावर आई अवलंबून होती.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "पत्र्याचंही सांगणार?" तिने वर न बघता विचारलं.

"सांगायलाच पाहिजे."

"तो माझा भाऊ आहे. परत दारात उभं करणार नाही मला." तिने एकच शर्ट तीनदा उलगडला, तीनदा घडी घातली. "सांगा. पण मला बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका."

काकांनी साहेबांना सगळं सांगितलं. वाफेची सुट्टी आपण सुरू केली, पत्रा मेहुण्याने लावला, आणि तो डोळ्यांदेखत लागताना आपण तोंड उघडलं नाही. साहेबांनी गोदामाला टाळं ठोकलं. मेहुणा भररस्त्यात त्यांना नको नको ते बोलला, आणि बायको दिवसभर आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

संध्याकाळी ते हॉस्पिटलमध्ये गेले. बसवालीच्या डोळ्यावर पट्टी होती, आई उशाशी बसलेली. "काका, कशाला सांगितलंत?" ती त्यांचा हात धरून म्हणाली. "माझं जायचं ते गेलं. तुमचंही काम घालवून बसलात." मग तिने विचारलं, "तुम्ही एवढ्यांना शिकवलंत. एका डोळ्याचं होतं का कुणी?"

"होता एक जण. छोटी गाडी चालवायचा."

"आणि बस?"

आईने काकांकडे पाहिलं. काहीतरी बरं बोला, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. परीक्षेत नापास झालेल्या प्रत्येक शिकाऊ माणसाला काका न चुकता "पुढच्या खेपेला होईल" म्हणत आले होते. आत्ताही तेच तोंडावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"नाही, बाळ. बस आता नाही चालवता येणार."

तिने त्यांच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि कूस बदलली. "आई, यांना जायला सांग," ती म्हणाली.

काका उठले. जिन्यापर्यंत गेले आणि पायरीवरच बसून राहिले. घरी जायचा त्यांना धीर होत नव्हता.